मधली रेघ

जानेवारीत साकाताच्या दोजोतली फळी
अनवाणी पायाला चावते.
संध्याकाळचे सात. माझ्या हातांना
अजून बंदरावरच्या कॉडचा वास.
पहाटेपासून मी काट्यावर पेट्या चढवत असते;
वजन सांगायचं ते काटा स्थिर होण्याआधी,
एवढा एकच तोरा आहे माझ्याकडे.

मिनेगिशी सेन्सेई एक्क्याऐंशीचे.
समोर उभे राहिले की त्यांच्या बांबूच्या तलवारीचं टोक
माझ्या गळ्याकडे बघतं, माझं त्यांच्या.
टोकाला टोक जेमतेम शिवतं,
ओळख पटवणाऱ्या मांजरांच्या नाकांसारखं.
मधे एक रेघ असते. आखलेली नाही.
एकाच माणसाला पुरेल एवढी रुंद.

पहिली तीन वर्षं मी नुसती ओरडले.
ओरडून, उडी मारून, खांद्याच्या जोरावर,
आणि दर वेळी मनगटावर तोच कोरडा ठक्क.
"दबा धरणं वेगळं," ते म्हणाले,
"दाब देणं वेगळं.
छपरावरचा बर्फ बघ.
त्याला कधी ओरडताना ऐकलंस?"

मग उजव्या पायाचा अंगठा तांदूळभर पुढे.
डावी टाच कागदाएवढी वर.
टोकावर टोक: ढकलायचं नाही,
ठेवायचं,
काट्यावर पेटी ठेवतात तसं, अलगद आणि सगळ्या वजनानिशी.
वाट पाहायची नाही.
वाट पाहणारा एक पाऊल आधीच मागे असतो.
आपण पुढे सरायचं आणि समोरच्यालाच ठरवू द्यायचं
त्याला कसं हरायचंय ते:
हात उचलून, की बिचकून टोक बाजूला नेऊन,
की नुसता श्वास घेऊन.

एकदा जमलं.
अग्निशमन दलातला कुरोसे, माझ्या दीडपट उंच,
आगीत शिरणारा माणूस,
माझ्या तांदूळभर अंगठ्याला घाबरला.
त्याचे हात आपोआप वर गेले,
दारावर थाप पडली की कडी काढायला जातात तसे.
मी आत गेले. एवढंच.
रात्रभर झोप नाही आली मला आनंदाने.

आणि परवा, सेन्सेई.
दवाखान्यातून आल्यावर पहिल्यांदाच.
मी सरकले. पुन्हा सरकले.
त्यांच्या जाळीआड डोळे होते तसेच, तळ्यासारखे,
पण टोक हललं.
बोटभर खाली, जरा उजवीकडे,
आणि मधली रेघ अख्खी मोकळी,
पहाटेच्या रस्त्यासारखी, त्यांच्या कपाळापर्यंत.

मला वजन काट्याआधी कळतं.
ही फट मी पाडलेली नव्हती.
ती त्यांच्या खुब्यातून आली होती,
नव्या स्क्रूंमधून, जिन्यावरच्या त्या रात्रीतून.
मी थांबले.
किती? अर्धा श्वास असेल.

डोक्यावर फाडकन आवाज झाला.
छपरावरून बर्फ कोसळतो तसे ते आले
आणि माझ्या खांद्याला घासून पार पलीकडे गेले,
वळले, टोक पुन्हा माझ्या गळ्याकडे.

नंतर गुडघ्यांवर बसून मुखवटे सोडताना
त्यांनी विचारलं, "कुठे होतीस?"
मी काय सांगणार.
"तोल खरंच गेला होता माझा," ते म्हणाले.
"तुझा होता तो. घ्यायचास.
कीव आलीस ना, तिथेच उघडी पडलीस."
राग नव्हता. मासा वजनात कमी भरला तर
म्हातारे कोळी बोलतात, तसं बोलले.

मुखवट्याची गाठ त्यांना सुटेना.
बोटं थरथरत होती, दोरी ओली.
माझा हात अर्धा पुढे गेला.
त्यांनी नुसतं पाहिलं.

हात मांडीवर परत आला, आपणहून.
मी फळीकडे बघत बसले.
बाहेर कुरोसेच्या फावड्याचा आवाज,
खरड, थांब, खरड.
गाठीला बराच वेळ लागला.