रिकामी टाकी

कुर्ल्याला, सीएसटी रोडच्या आतल्या गल्लीत
लादू मिस्त्रीकडे मी लागलो,
तेव्हा पहिलं काम मिळालं मांजरीचं.
वाळूच्या चार लाल बादल्या.
रात्री ती त्यांत बसून जायची,
सकाळी मी वाळू चाळायचो.
“आगीवर ढेकळं फेकणार का?”
मिस्त्री ओरडायचा.

त्याला डावी भुवई नव्हती.
का, ते विचारायचं नाही
हे मला कोणी सांगितलं नाही.

पेट्रोल सांडलं की आम्ही फरशी बघायचो,
तो बघायचा खड्डा.
वाफ जड असते, म्हणायचा,
पाण्यासारखी उतार शोधते,
खाली जाऊन बसते
आणि वाट बघते
एका फुटक्या हँडलॅम्पची.
बॅटरीची काळी वायर आधी सुटायची,
मगच स्पॅनर कुठेही लागायचा.
रंगाच्या चिंध्या रोज संध्याकाळी
झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात;
ढीग करून सोडल्या तर तापतात आतल्या आत,
घरात न बोलणाऱ्या माणसासारख्या.

एके दिवशी सावर्डेकर आला, शाळेची ओम्नी घेऊन.
टाकी गळकी. एक वाजता शाळा सुटणार.
“रिकामी केलीय, मिस्त्री. दोन टाके मार फक्त.”
“भरलेली असती,” मिस्त्री म्हणाला,
“तर एवढा भ्यायलो नसतो.
धुवायला हवी. उद्या ये.”
सावर्डेकरने शिवी दिली,
टाकी खांद्यावर मारली
आणि निघाला समोरच्या वेल्डरकडे.
तिथे काच डोळ्यांवर चढलीच होती.

मिस्त्री धावला.
साठीचा माणूस, पायात एकच चप्पल,
मध्ये एक बेस्टची बस करकचून थांबली.
त्याने हात धरला नाही, समजावलं नाही.
सावर्डेकरच्या पुढ्यात उभा राहिला
आणि डावा गाल उन्हाकडे वळवला.
बस्स.

टाकी खाली उतरली.
पोरं त्या दिवशी रिक्षाने घरी गेली, भाडं मिस्त्रीचं.

मग मी साबणाच्या गरम पाण्याने
तीनदा धुतली ती, आणि शेवटी
भोकाच्या जरा खालपर्यंत पाणी भरून ठेवलं,
आत वाफेला जागाच उरू नये म्हणून.
सकाळी मिस्त्रीने झाकण काढून हुंगली,
दाराबाहेर नेली, दोन टाके मारले.
काही झालं नाही.
मांजर अंग चाटत होती.

घरी आईने विचारलं, काय शिकलास नवीन?
पाणी भरायला, म्हटलं.
आई म्हणाली,
ते तर इथेही होतं, पहाटे चारला.