तीन हजार आठशे

मॉड्युलर किचनवाल्याने ओटा मोजला, भिंत मोजली,
एकदा आमच्याकडे पाहिलं
आणि आकड्याचा कागद बशीखाली सरकवून गेला.
एक लाख चाळीस. जीएसटी वेगळा.
निशिकांत म्हणाला, चहा तरी पूर्ण प्यायला त्याने.

मग आमचं आम्हीच ठरवलं:
बोनसमधून हप्ता गेल्यावर उरलेले
तीन हजार आठशे, आणि चार रविवार.

पहिल्या रविवारी मार्केट यार्ड.
सफरचंदांच्या रिकाम्या पेट्या, तीस रुपयाला एक,
खिळ्यांसकट, गवतासकट.
बिबवेवाडीपर्यंत स्कूटरवर तीन खेपा;
मी मागे, मांडीवर पेटी, पेटीत तोंड,
नाकात सिमला आणि डोळ्यांत गंगाधाम चौक.
घासाघीस करून वाचवलेले वीस रुपये
तिसऱ्या मजल्यापर्यंत घामातच फिटले.

दुसरा, जुन्या बाजारात.
पितळी कड्या. एकीसारखी दुसरी नाही.
सेट पाहिजे तर लक्ष्मी रोडला जा, ताई,
असं म्हणून विकणाऱ्याने पेपर उघडला.
घेतल्या आठ. त्यात एक मोराची.

टाइल्सवर डकवायचे स्टिकरही आणले.
मोबाइलमधला मुलगा म्हणतो, पंधरा मिनिटांत नवं स्वयंपाकघर.
त्याच्या भिंतीवर कधी फोडणी उडालेली नसावी.
आमच्या भिंतीवर वीस वर्षांची मोहरी.
सोडा, तारेची घासणी, बंद पडलेलं एटीएम कार्ड
(कशाला तरी उपयोगी पडलं).
एका कोपऱ्यात स्टिकर फुगलाय.
तिथे आता मिठाची बरणी असते. कायम.

तिसऱ्या रविवारी ओट्याखालची दारं खरवडायला घेतली.
वर पिस्ता, पिस्त्याखाली तपकिरी,
तपकिरीखाली जुन्या दवाखान्यांतला तो गुलाबी.
सिलिंडरच्या दाराला मात्र आतून
रंगच नव्हता. पेन्सिल होती.

१४ मार्च लावला.
११ एप्रिल लावला.
९ मे लावला. पाहुणे.
४ जून लावला.

नेटकं, उभं अक्षर. खळदकर बाईंचं असणार.
त्यांना आम्ही एकदाच पाहिलं, खरेदीखताच्या दिवशी;
अंगठा यंत्रावर उमटत नव्हता,
पुसून पुसून पुन्हा टेकवत होत्या,
आणि मुलगा घड्याळ बघत होता.

मी बोटांवर मोजत गेले.
अठ्ठावीस दिवस, अठ्ठावीस, सव्वीस.
एके ठिकाणी एकोणीसच; पुढे फक्त ‘मंजू’.
लग्न असेल. नाहीतर बाळंतपण.
मग पस्तीस. मग चाळीस.
मग एकदम त्रेसष्ट,
आणि तिथून पुढे कधीच पन्नाशीच्या आत नाही.
शेवटच्या दोन ओळींमध्ये एकशे चार दिवस.
एका माणसाच्या चहाला आणि वाटीभर भाताला
सिलिंडर इतका पुरतो.

पॉलिश पेपर हातात तसाच धरून
मी फरशीवर बसले.
निशिकांत म्हणाला, काय झालं, कापलं का?

बाकीचं झालं हळूहळू, चार रविवारांचे सहा झाले.
पेट्यांची मांडणी जरा डावीकडे कललीय,
म्हणून जड डाळी उजवीकडे.
रंग हळदीचा सांगितला होता,
दुकानदाराने कालवला आंबाबर्फीचा; परत घेत नाहीत.
एकूण तीन हजार नऊशे पासष्ट.
वरच्या एकशे पासष्टवर दोन दिवस अबोला.
समोरच्या पटवर्धन काकू बघून गेल्या.
‘घरीच केलंत ना?’ म्हणाल्या.
एवढंच म्हणाल्या.

सिलिंडरच्या दाराला बाहेरून रंग, मोराची कडी.
आतून हात लावला नाही.

परवा भाकरी तव्यावर असताना गॅस गेला.
नवा चढवला, साबणाचा फेस लावून पाहिला,
आणि हिशोबाच्या वहीतली पेन्सिल घेऊन वाकले.
खाली बरीच जागा होती.
तारीख लिहिली. पुढे ‘लावला’.
माझा ल त्यांच्यासारखा येत नाही.