अठरा गेजची तार

परळच्या मेडिकल कॉलेजात
बाबा सांगाडे ओवायचे.
पगारपत्रकावर हुद्दा निराळाच: अटेंडन्ट, वर्ग चार.
बारीक गिरमिटानं हाडांना भोकं पाडायची,
अठरा गेजची पितळी तार घालायची,
पिळायची, पण फार नाही.
"आवळलं की मेलं, गो,"
असं ते मेलेल्याबद्दलच म्हणायचे.

पोरं लॅटिन घोकत बाहेर व्हरांड्यात.
बाबांची नावं घरातली.
खांदा म्हणजे उखळ, तेही उथळ,
म्हणून हात सगळीकडे जातो
आणि म्हणूनच निखळतो.
खुब्याचं उखळ खोल. फिरतो कमी, जागा सोडत नाही.
कोपर बिजागरी.
अंगठ्याच्या मुळाशी खोगीर,
खोगिरावर दुसरं खोगीर, आडवं.
आईचं ते झिजलं
हॉस्पिटलच्या चादरी कापता कापता.
कात्री ठेवली की अंगठा
मुठीत धरून बसायची, चिमणी धरावी तसा.

मनगटात आठ खडे.
एकदा डाव्या मनगटात
उजव्याचा वाटाणा गेला ओवला.
परीक्षकांना कळलं नाही. मुलांना तर नाहीच.
बाबा रविवारी जाऊन
तार कापून आले.

कवटीला तार लागत नाही.
तिथली नागमोडी शिवण कुणी घातलेली नसते,
टाळू भरता भरता आपोआप पडते.
माझ्या टाळूवर तेल थापताना
बाबा बोट जरा उचलून धरायचे,
आई सांगते.

आणि मान.
पहिल्या मणक्यावर 'हो'.
दुसऱ्यावर, खिळीभोवती, 'नाही'.
दोघांची बिऱ्हाडं एकाला एक लागून,
तारेत मात्र दोन्ही नांदत नाहीत.
म्हणून एका सांगाड्याच्या मानेत
बाबांनी बॉलपेनची स्प्रिंग घातली.
पंखा चालू केला की तो नकार द्यायचा,
वर्गभर, तासभर.
डॉक्टर कामेरकर बाईंनी मेमो काढला
आणि स्प्रिंग राहू दिली.

दिवाळीच्या आधी बाबांची उजवी बाजू गेली.
वाचाही.
तहसीन दळवी नावाची फिजिओ येते,
सोमवार-गुरुवार.
बाकीचे दिवस माझे:
प्रत्येक सांधा दहा वेळा, सकाळ-संध्याकाळ,
नाहीतर धरून बसेल, म्हणाली.
आत अंड्याच्या पांढऱ्यासारखं काही असतं,
ते हलवलं तरच फिरतं.
मी उखळात हात फिरवते.
बिजागरी उघडते, मिटते.
किल्ली फिरवावी तसा पंजा पालथा, उताणा.
बाबा माझ्या हाताकडे बघतात,
नवशिक्या ओवणाऱ्याकडे बघावं तसे.
मी चुकले की डोळे मिटतात.

कपाटात एक काडेपेटी सापडली.
आत नालेसारखं हाड,
फुटक्या बांगडीच्या तुकड्याएवढं.
हे जिभेच्या मुळाशी असतं.
अंगात हेच एक, कुठल्याच हाडाला न टेकणारं,
नुसतं स्नायूंत लोंबकळणारं.
तार बांधणार कुठे?
म्हणून प्रत्येक सांगाड्याच्या पायाशी
बाबा एक काडेपेटी ठेवायचे.
ही कुणाची राहिली, ते आता विचारता येत नाही.
विचारलं मी.
बाबांनी तोंड उघडलं. घशात काहीतरी वर गेलं,
खाली आलं.

आज तहसीननं त्यांना उभं केलं,
क्वार्टरच्या खिडकीशी, गजांना धरून.
खाली शवागाराची गाडी मागे घेत होते,
कुणीतरी "येऊ दे, येऊ दे" ओरडत होतं.
"गुडघ्याकडे बघ," ती म्हणाली.
सरळ होता होता शेवटी
तो जरासा वळला
आणि बसला, कडी बसावी तसा,
आवाज न करता.
हे बाबांनी कधी सांगितलं नव्हतं.
तारेत ते येत नसावं.

पाय थरथरायला लागले तेव्हा मी विचारलं,
"बसायचं का?"

मान हलली.
दुसरा मणका.