एकोणिसावं रीळ

डबा उघडला तसा व्हिनेगरचा वास आला.
जुनी टेप मरताना अशी आंबते,
हे माझ्या धंद्यातलंच; तरी क्षणभर वाटलं,
आईनं काकड्यांच्या बरणीचं झाकण काढलंय
आणि कपाटावरच्या रेडिओत
हेल्मी आणि काल्यो गातायत.

ती दोघं तेव्हा सगळ्या एस्टोनियात गायचीच.
लग्नात, बोटीवर,
दंतवैद्याच्या दारातल्या बाकावर सुद्धा.
माझी मावशी त्यांना नवराबायको समजायची.
नव्हती.
काल्योची बायको वाइके हाप्सालूच्या शाळेत गणित शिकवायची.
हेल्मीनं लग्नच केलं नाही.
गावानं जे काही मानलं
त्याला दोघांनीही ना कधी हो म्हटलं, ना नाही.

आता तिघांतलं कुणीच नाही.
काल्योची मुलगी तीउ चोवीस रिळं घेऊन आली,
बटाट्याच्या खोक्यात, वर्तमानपत्रात गुंडाळलेली,
प्रत्येक डब्यावर क्रमांक,
फळ्यावर लिहावेत तसे ठसठशीत.
"संग्रह काढायचाय," म्हणाली,
"जे कुणी ऐकलं नाही ते सगळं."

महिनाभर मी त्यांचं उरलंसुरलं ऐकलं.
चुकलेल्या सुरुवाती. खुर्चीची करकर.
हेल्मीचा खोकला, काल्योचं "पुन्हा".
तिसऱ्या रिळावर ती शब्द विसरते
आणि त्याच चालीत खानावळीचा फळा गाते,
बीट, हेरिंग, साय, बीट,
बाहेर कुत्रा नेमका समेवर भुंकतो
आणि दोघं हसत सुटतात.
टेप संपते. हसणं नाही संपत.

एकोणिसाव्यावर तारीख आहे, तीन नोव्हेंबर.
हेल्मीला सप्टेंबरात पुरलं होतं.
काल्यो एकटा. गिटार जराशी उतरलेली.
सगळ्यांना पाठ असलेलं तेच गाणं
तो खालच्या सुरात गातो, त्याचा तेवढाच भाग,
जो सुटा कधी कुणी ऐकलाच नव्हता.
ऐकायला गेलं तर त्यात चाल अशी नाहीच.
भिंतीला टेकवलेली शिडी,
आणि भिंत कुणी काढून नेलेली.
जिथं तिची ओळ यायची तिथं तो थांबतो.
चार मात्रा. श्वास ऐकू येतो.
मग पुढे निघतो, जणू तिचं गाऊन झालंय.

तीउ म्हणाली, "आता करता येतं ना?
जुन्या रेकॉर्डमधून हेल्मीचा आवाज सोडवायचा, इथं बसवायचा.
लोकांना आवडेल. बाबांनाही."

करता येतं. केलं.
रात्री दोनला असं बेमालूम बसलं की शिवण सापडेना.
ती सव्वीस वर्षांची, तो चोपन्न,
आणि दोघं एका दमात.
मग लक्षात आलं,
तिला बसवायला मी त्याचा श्वास पुसला होता.

सकाळी तीउला दोन्ही ऐकवलं.
दुसऱ्या वेळी मी बटण दाबायला विसरले
आणि टेप गाण्याच्या पुढे गेली.
शांतता. गिटार टेकवल्याचा ठोका.
मग माइकच्या अगदी जवळ, एक बाईचा आवाज:
"झालं का?"
आणि खटका.

तीउ खिडकीशी गेली.
बाहेर खाडीवर बर्फ धरत होता.
"ही आई," म्हणाली.
बऱ्याच वेळानं म्हणाली,
"मशीन तीच चालवायची म्हणजे."

गाण्यात जागा असतात, त्या घ्यायच्या असतात, म्हणतात.
ही आम्ही घेतली नाही.
वेष्टनावर तेवढं एक नाव वाढवलं, बारीक अक्षरात,
ध्वनिमुद्रण: वाइके लेपिक.

अजून दुकानांतून फोन येतात,
चौदाव्या गाण्यात मध्येच आवाज जातो,
तबकडी बदलून द्या.
मी म्हणते, तबकडी ठीक आहे.
आवाज जरा वाढवा,
आणि खोलीत कुणी बोलत असेल
तर त्यांना चार मात्रा
थांबायला सांगा.