त्रेचाळीस

टॅकोमात, लाँड्री आणि इन्कमटॅक्सवाल्याच्या मधे
विफाचं हॉटेल आहे. थाई आणि सुशी.
दोन्ही का, असं विचारलं तर ती म्हणते,
सुशीचा काउंटर जागेबरोबर आला.
आधीच्या मालकाने सिमेंटात बसवलेला,
उखडायचा म्हणजे फरशी फोडायची,
त्यापेक्षा एक माणूस ठेवलेला बरा.
म्हणून एलिसेओ.
ओआहाकाच्या डोंगरातला. समुद्र पाहिला तोच एकविसाव्या वर्षी.
आता सॅमनमधून सुरी अशी काढतो,
झोपलेल्या मुलाच्या मुठीतून
कोणी खेळणं सोडवून घ्यावं.

मी मंगळवारी जातो.
कपडे मशीनमध्ये टाकले की चाळीस मिनिटं हातात असतात.
अकरा वर्षं तिथे मी एकच शब्द बोललोय : त्रेचाळीस.
त्रेचाळीस म्हणजे रुंद नूडल्स, कडेने जरा करपलेल्या,
काळा सोया, अंडं, ब्रोकोलीचे देठ.
तिखट किती, हे विचारायला विफा एक बोट वर करते.
मी दोन दाखवतो.
ती एकाचंच घालते.
आमचं जमतं.

मार्चमध्ये मेन्यू नवा छापून आला.
जुन्यावर सॉस सांडून सांडून
तीन कुठला, आठ कुठला, कळेनासं झालं होतं.
पुतण्याने कॉम्प्युटरवर बसून सगळं नीट लावलं,
सूप आधी, करी मागून, सुशीला वेगळं पान,
आणि आकडे पहिल्यापासून.
आम्हाला सांगायचं तेवढं राहून गेलं.

त्या मंगळवारी माझ्यासमोर आला
अख्खा मासा. तळलेला, शेपटी वर, तोंड उघडं,
जणू मीच त्याला काहीतरी विचारलं होतं.
पलीकडे मिसेस हॉल्वर्सन, बत्तीसवाल्या,
त्यांच्या पुढ्यात ऑक्टोपस.
चॉपस्टिकच्या टोकाने त्या त्याला हळूच ठोकून बघत होत्या,
घरात कोणी आहे का.
आणि टायरच्या दुकानातला फेटू,
ज्याचा एकोणीस म्हणजे कोंबडी आणि भाताचा डोंगर,
त्याच्या ताटलीत काकडीच्या सहा चकत्या, भातात गुंडाळलेल्या.

कोणी काही बोललं नाही.
माणूस आपल्या आकड्याला जागतो.
मान खाली घालून आम्ही जेवलो.
फेटूने सहा घासांत सहा संपवले
आणि पाणी मागितलं.

एलिसेओने पाहिलं. आधी फेटूची ताटली,
मग फेटूचे दंड.
सुरी ठेवली, आत गेला.
कढईचा आवाज थांबला.
विफा हात पुसत बाहेर आली, टेबलाटेबलावरून नजर फिरवली,
एका लग्नाला निघालेली माणसं
भलत्याच मांडवात जेवायला बसलेली दिसावीत तशी.
म्हणाली, पैसे देऊ नका.
सगळ्यांनी दिले.
मिसेस हॉल्वर्सन यांनी ऑक्टोपस बांधून घेतला,
मांजराला होईल म्हणाल्या.
त्यांच्याकडे मांजर नाही.

आता आत दोन याद्या आहेत.
फ्रीजवर नवी, छापील.
शेगडीच्या वर जुनी, तेलाने आरपार झालेली.
दारातून आत येणाऱ्याचा चेहरा बघून विफा ठरवते
याचा त्रेचाळीस कोणता.
धंद्यात असं चालत नाही, पुतण्या म्हणतो.
चालतंय.

एक मात्र मी कोणाला सांगितलेलं नाही.
मासा चांगला होता.
चिंचेचं पाणी, वर कुरकुरीत लसूण,
काट्याला धरून राहिलेलं पांढरं मांस
मी बोटांनी काढून खाल्लं होतं.
पण तो परत मागू कसा?
मी त्रेचाळीस म्हणायच्या आत नूडल्स कढईत पडलेल्या असतात.
बोटाने दाखवावा मेन्यूत, तर
अकरा वर्षांत मेन्यू माझ्या हातात दिलाय कोणी?

परवा एक मुलगी आली, पाठीवर सॅक, पाऊस निथळत.
ओळीओळीखाली बोट सरकवत तिने सगळं वाचलं,
मग म्हणाली, त्रेचाळीस.
थोड्या वेळाने तो माझ्या टेबलाजवळून गेला,
शेपटी वर करून.
मी बघत राहिलो, बहुतेक जास्तच वेळ,
कारण विफा समोर येऊन उभी होती
आणि तिचं एक बोट वर होतं.

मी दोन दाखवली.
भिंतीपलीकडे माझ्या मशीनचा भोंगा वाजला.