बोटभर रकाना

सोमवार, बुधवार, शुक्रवार. साडेदहा.
कन्नमवार नगरातलं समाजमंदिर, अकरा प्लास्टिकच्या खुर्च्या.
दोन डुगडुगतात, त्या भिंतीला टेकवून ठेवतो.
वही माझ्याकडे.
सदतीस वर्षं शाळेच्या ऑफिसात दुसऱ्यांच्या पोरांची हजेरी जुळवली,
त्यामुळे हे काम मी मागितलं नाही, कुणी दिलंही नाही.

फिजिओची पोरगी, ऋतुजा, म्हणाली,
मावशी, गैरहजर असेल तिचं कारण लिहा.
तिनं रकाना आखलाय, बोटभर.

मोंडकर : नातवाची बस.
रेबेलो दर बुधवारी : माहीमचा नोव्हेना.
तांडेल : हलवा चांगला आला, पाटी सोडवेना.
घोणसीकर : सून म्हणते, घरातच चाला की,
घरात काय कमी चालता?
दुखतंय, असं मात्र कुणी लिहायला सांगत नाही.
दुखतंय म्हणून तर नाव घातलं होतं.

टॉवेलची गुंडाळी गुडघ्याखाली. दाबा. पाच मोजा. सोडा.
कुणाचा तरी गुडघा कट् वाजतो
आणि तांडेलबाई म्हणते, फुटला गं खेकडा.
पुढचे तीन आकडे हसण्यात जातात.

गायतोंडेबाई तीन आठवडे नाहीत.
समोरचीच बिल्डिंग, चौथा मजला, लिफ्ट नाही.
फोन केला.
म्हणाल्या, उतरेन हो, वर कोण चढवणार?
आणि मग, जरा थांबून,
ऋतुजाचे आकडे येतात खिडकीतून.
मी पलंगाच्या कडेला बसते, तुमच्याबरोबर पाय उचलते.
पण सातनंतर तुम्ही सगळ्या बोलायला लागता,
पाय तसाच वर राहतो माझा.

फोन ठेवला. वही उघडीच होती.
ह की गै?
सदतीस वर्षांत एका खोट्या ह वर सही केली नाही,
ट्रस्टींच्या भाच्यासाठीसुद्धा नाही.

आता सातनंतर तांडेलबाई खिडकीकडे तोंड करते
आणि बाजारात भाव सांगावा तशी ओरडते :
आठ!
नऊ!
खालचा रिक्षावाला वर बघतो.

गायतोंडेबाईंच्या रांगेत मी पेन्सिलीनं लिहिते,
अगदी बारीक.
कारणाच्या रकान्यात, जिने.
हजर असणाऱ्याचं कारण लिहायचं नसतं,
मला माहीत आहे.

ऋतुजानं अजून विचारलेलं नाही.