चार बोटं कमी

सोमवारी सकाळी वेंडल श्रागला काढलं.
अकरा हंगाम, सत्तावन्न विजय, चौसष्ट पराभव.
दुपारपर्यंत हार्लन फोर्कच्या टायरच्या दुकानात
ज्याला त्याला न्यायाधीशाची खुर्ची मिळाली होती,
मलाही मिळाली, कॉफीसकट,
कारण मी साखळी धरतो.

म्हणजे असं: रेषेबाहेर नारिंगी बंडी घालून उभं राहायचं,
दोघांकडे दोन काठ्या, मध्ये दहा यार्डांची साखळी.
चार डावांत तेवढं अंतर कापलं तर चेंडू तुमचा,
नाहीतर समोरच्याचा.
आठवडाभर मी प्रयोगशाळेत
कॅन्ससच्या मातीतला नत्र मोजतो,
शनिवारी हे.
वडील बुलढाण्यात मोजणी खात्यात होते.
बांधावरून भांडणारे भाऊ
त्यांच्या साखळीकडे कौल लावल्यासारखे बघत.
ते सांगायचे, साखळी ताणून धर आणि तोंड बंद ठेव.
मी दोन्ही पाळलं.

तर ऐका, जवळून पाहिलेलं.
चौथा डाव, एक यार्ड बाकी:
हे गणित त्याला अकरा वर्षं सुटलं नाही.
दरवेळी चेंडू लांब लाथाडून देऊन टाकायचा
आणि बुटांकडे बघत म्हणायचा, पुढच्या वेळी.
ताक फुंकून पिणारा माणूस,
दूध कधी पोळलं होतं
ते गावात कोणालाच माहीत नव्हतं.
चढाईची सूत्रं जावयाच्या हाती दिली.
जावई फळ्यावर बाण फार सुरेख काढायचा.

माझं नाव त्यानं कधी विचारलं नाही.
"चेन" म्हणायचा,
काठीला की मला, कळायचं नाही.
पण एकदा उणे बारा तापमानात
स्वतःचे हातमोजे काढून माझ्या खिशात कोंबले,
न बघता, डोळे मैदानावर.
परत मागितले नाहीत.
अजून आहेत, डाव्याचा अंगठा उसवलाय.

टायरवाला गस म्हणतो, नशीब नव्हतं बिचाऱ्याला.
बँकेतली मार्लिस म्हणते, भित्रा होता.
मी म्हणालो, भित्रा नाही, कंजूष.
आशा खर्चायला हात धजायचा नाही.
वाक्य बरं जमलं. लोक हसले.
हसू विरायच्या आत
मला ओडम आठवला.

मार्कीस ओडम. वय एकोणीस. विचिटाचा.
तिसऱ्या सत्रात डोकं आपटलं,
बाकामागे ओकला, माझ्यापासून सहा पावलांवर,
चुन्याच्या रेषेवर पिवळं.
कोचनं त्याच्या डोळ्यांसमोर बोटं धरली.
तीन, मुलगा म्हणाला.
दोन होती.
"जवळपास आहे," कोच म्हणाला,
पाठीवर थाप मारली, आत पाठवला.

जो माणूस एका यार्डाचा धोका घेत नसे
त्यानं.

आणि पंच हाकेच्या अंतरावर होता.
साखळी मी ताणून धरली होती,
इतकी, की पलीकडच्या काठीवरचा एल्डन ओरडला,
जरा सैल सोड की!

गसच्या दुकानात हे सांगितलं नाही.
कॉफी संपवली, पेला धुतला, निघालो.

काल बाहेर दिसला तो, पिकअपमध्ये खोकी चढवत.
जुन्या शिट्ट्या, चषक, एक टेबलफॅन.
म्हणाला, "चेन,
दोन वर्षांपूर्वीचा शेवटचा सामना,
ते शेवटचं मोजमाप,
खरंच कमी होतं?"
"चार बोटं," मी म्हणालो,
आणि हात पुढे धरला.

तो माझ्या बोटांकडे बघत राहिला.
बराच वेळ. ओठ हलले,
मोजत असावा.
मी वाट पाहिली, तो दुसरं नाव घेईल म्हणून.
तोही कदाचित माझीच वाट पाहत होता.
मग त्यानं पंखा उचलला,
मी दुसऱ्या बाजूनं धरला.

ओडम आता धान्यकोठारावर वजनकाट्याशी बसतो.
मातीचे नमुने आणायला गेलो की दिसतो.
ट्रक काट्यावर चढतो, आकडा थांबतो,
तो मोठ्यानं वाचतो,
मग पुन्हा वाचतो,
मग माझ्याकडे वळून विचारतो,
बरोबर आहे ना?